नाक वर, पाणी आत

माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं आणि तो घरी जातो. लढाऊ विमान निवृत्त झालं की त्याला चौथरा मिळतो आणि त्याचं घर जातं. जन्मभर हँगरच्या सावलीत राहिलेलं, उतरल्या उतरल्या चार जणांनी तपासलेलं, तोंडावर लाल झाकण आणि कॅनॉपीवर खोळ चढल्याशिवाय रात्र न काढलेलं हे विमान एके दिवशी ट्रेलरवरून एखाद्या तालुक्याच्या गावी येतं. बँड वाजतो, फीत कापली जाते. कोनशिलेवर विमानाचं नाव बारीक आणि मान्यवरांची नावं ठळक असतात. भाषणं होतात, मग मंडळी वडा-चटणी खाऊन आपापल्या घरी जातात. विमान तिथेच राहतं. त्याची खरी लढाई त्या रात्री सुरू होते आणि या लढाईत त्याच्या बाजूने कोणी नसतं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान बासष्ट वर्षं टिकलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्यातली सहाशेहून अधिक देशातच बांधली आणि त्यांचे सांगाडे नाशिकजवळ ओझरला उभे राहिले. म्हणजे निफाड तालुक्यातून द्राक्षं, कांदा आणि स्वनातीत लढाऊ विमानं अशी तीन पिकं निघत होती, आणि पैकी भावाची हमी एकालाच होती. तर हे ओझरचं पीक आता चौकाचौकांत, महाविद्यालयांच्या फाटकांत आणि बागांत विसावणार, हे उघड आहे. काही ठिकाणी जुनी मिग आधीच उभी आहेत. आमच्या गावी त्यातलं एक आहे.

गावाला विमान का हवं असतं? चौक मोकळा असतो आणि पुतळ्यावर एकमत होत नाही, म्हणून. पुतळा म्हटला की कोणाचा, केवढा, हातात काय, उभा की बसलेला, आणि शेजारच्या गावापेक्षा उंच आहे ना, असे प्रश्न येतात. विमानाला जात नाही, पक्ष नाही, जयंती नाही, पुण्यतिथीही नाही. त्याच्यामुळे कोणाच्या भावना दुखावत नाहीत. आमचा चौक कित्येक वर्षं रिकामाच होता. आत एक गंजका फलक होता आणि त्यावर फक्त ‘नियोजित’ एवढाच शब्द शिल्लक होता. काय नियोजित, ते पावसाने पुसून टाकलं होतं.

विमान मंजूर झालं तेव्हा त्याचं तोंड कुठे करायचं यावर सर्वसाधारण सभेत बरीच रणधुमाळी झाली. एका सदस्यांचं म्हणणं, पाकिस्तानकडे. शाळेतल्या भूगोलाच्या सरांना बोलावून दिशा काढली, तर नाक थेट विरोधी पक्षनेत्यांच्या बंगल्यावर रोखलं जात होतं. त्यांनी सभात्याग केला. दक्षिणेकडे नको, ती यमाची दिशा, असं एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं. पूर्वेकडे करावं तर शेपूट देवळाकडे येत होतं. अखेर एसटी स्टँडवर उतरणाऱ्या माणसाला फोटो चांगला घेता यावा, हा निकष सर्वमान्य ठरला. एका गोष्टीवर मात्र अख्ख्या सभागृहात एकही विरोधी सूर उमटला नाही. नाक वर पाहिजे. विमान झेपावताना दिसलं पाहिजे.

आणि घात तिथे झाला.

विमानाच्या पोटाला मुद्दाम बारीक बारीक भोकं ठेवलेली असतात. ढगांतून फिरायचं, वर गोठायचं, खाली तापायचं, असल्या आयुष्यात आत पाणी धरणारच. ते साचेल तिथूनच गळून जावं म्हणून ही सोय. पण ती भोकं कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या अभियंत्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की विमान जमिनीवर असेल तेव्हा आपल्या तीन चाकांवर असेल. तेच विमान नाक वर करून खांबावर ठोकलं की सगळा उतार बदलतो. पाणी शेपटाच्या टोकाला जाऊन बसतं. तिथे भोक असेलच असं नाही. आणि असलंच, तर ते आपण बुजवलेलं असतं.

कशाने? अर्थातच रंगाने.

सार्वजनिक वस्तूंची निगा राखण्याचं आपल्याकडे एकच शास्त्र आहे आणि त्याचा उगम ऑइलपेंटच्या डब्यात आहे. किल्ल्यावरची तोफ असो, बागेतली घसरगुंडी असो, स्मशानातला बाक असो, २६ जानेवारी जवळ आली की ब्रश फिरतो. खालचा जुना रंग खरवडणं, धूळ पुसणं, प्रायमर मारणं या गोष्टी वेळकाढूपणाच्या समजल्या जातात. आमच्या मिगवर वर्षाला निदान एक हात बसतो. १५ ऑगस्टला मंत्री येणार असले तर दोन. मूळचे रिव्हेट आता दिसत नाहीत, हाताला उंचवटेही लागत नाहीत. जवळ जाऊन पाहिलंत तर डाव्या पंखाखाली राखाडी रंगात पुरलेलं कडुनिंबाचं एक पान दिसेल, शिरा स्पष्ट, शेजारी ब्रशचे तीन केस आणि त्यांच्या पलीकडे पाठमोरी एक मुंगी. पुढेमागे कोणी संशोधकाने हे थर कापून पाहिले, तर झाडाच्या वाढवलयांवरून काढतात तशी नगरपरिषदेतली सत्तांतरं त्याला काढता येतील. एका वर्षीचा रंग आकाशी आहे. तो पाण्याच्या टाकीचा उरलेला होता.

हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मग पांढरा आणि मधोमध हिरवा रंग असतो. आमच्या रंगाऱ्याने एका वर्षी हिरवा बाहेर आणि केशरी आत केला. कोणीतरी चूक दाखवली तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, ‘रंग तिन्ही आहेत ना?’ शेपटीवरचा क्रमांक तर कधीच गेला. त्याच्या जागी काही काळ ‘स्वच्छ गाव, सुंदर गाव’ असं लिहिलेलं होतं. विमानाचा क्रमांक म्हणजे त्याची ओळख. कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कुठे लढलं, कधी बांधलं गेलं, हे सगळं त्या चार-पाच अक्षर-अंकांवरून शोधता येतं. आमच्या विमानाची कुंडली ठेकेदाराने तीनशे रुपये रोजाच्या माणसाकडून पुसून घेतली, आणि बिलात ती रक्कम ‘पृष्ठभाग तयारी’ या सदराखाली लावली.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. हवाई दलात ते एअरफ्रेम फिटर होते, मिगवरच. अख्खं गाव त्यांना पायलटकाका म्हणतं. निवृत्त होऊन आले तेव्हा सुरुवातीला त्यांनी प्रत्येकाला समजावून पाहिलं की मी पायलट नव्हतो, मी विमानाची बॉडी सांभाळायचो. त्यावर लोक म्हणायचे, ‘असू दे हो काका, नम्रपणा आहे तुमचा.’ मग त्यांनी नाद सोडला. ते रोज सकाळी फिरायला त्या चौकात जातात, विमानाला एक प्रदक्षिणा घालतात आणि घरी येऊन बायकोशी भांडतात. काकूंनी मला एकदा विचारलं, ‘ते विमान दुसऱ्या गावाला देता येत नाही का रे?’

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. म्हटलं, ‘काका, पण अॅल्युमिनियमला गंज चढत नाही ना?’

ते थांबले. मी काय बोललो ते त्यांनी आधी गिळलं, मग म्हणाले, ‘लोखंड बरं. ते तांबडं होतं, ओरडून सांगतं. अॅल्युमिनियम आतल्या आत सडतं. वरून तुला एवढंच दिसतं, रंगाला फोड आलाय.’ त्यांनी पंखाच्या कडेला नखाने तसाच एक फोड उचकटला. आतून पांढरी भुकटी सांडली. ‘हा मेला.’

मग ते सांगत गेले. शुद्ध अॅल्युमिनियमवर हवेत आपोआप एक बारीक थर धरतो आणि तो त्याला वाचवतो. पण विमानाचं अॅल्युमिनियम शुद्ध नसतंच. ताकद यावी म्हणून त्यात तांबं, जस्त, मॅग्नेशियम घातलेलं असतं आणि तीच ताकद नंतर नडते. पत्रा लाटताना धातूचे कण चपटे होऊन एकावर एक बसतात. ओल आत शिरली की ती या थरांमधून वाट काढते, आतली भुकटी फुगते, आणि चिरोट्याला सुटतात तसे पत्र्याला पापुद्रे सुटतात. अॅल्युमिनियमच्या भोकात पोलादी बोल्ट असेल आणि दोघांच्या मध्ये पाणी, तर तिथे बॅटरीच तयार होते. या बॅटरीत झिजतं नेहमी अॅल्युमिनियम. बोल्ट ठणठणीत राहतो, तो ज्याला धरून आहे ते नाहीसं होतं. काकांच्या मते नगरपरिषदेतल्या युतीचंही असंच झालं, पण तो विषय वेगळा.

‘आणि रंग?’

‘रंग चांगलाच. पण आधी कोरडं कर, मीठ-माती धू, जुनं खरवड, प्रायमर मार, मग रंग दे. ओल्यावर रंग दिलास तर आत आलेलं पाणी बाहेर कसं जाणार? म्हणजे आपण चोराला घरात घेतलं आणि बाहेरून कडी लावली.’ तोंडाकडे बोट दाखवून ते पुढे म्हणाले, ‘त्या शंकूच्या मागे बघ.’

मिग-२१ला नाकच नसतं, तोंड असतं. पुढे गोल पोकळी आणि तिच्या मधोमध एक शंकू. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येणाऱ्या हवेला शिस्त लावून इंजिनात सोडण्यासाठी सोव्हिएत अभियंत्यांनी डोकी झिजवून आखलेली ही कडा. तिच्यावर एक कबुतर बसलं होतं. आत आणखी होती, घुमण्याचा आवाज येत होता. इंजिन काढून घेतल्यामुळे मागे लांबलचक रिकामी नळी होती आणि कबुतरांनी तिथे वसाहतच थाटली होती. कबुतराची विष्ठा रंग खाते, घरट्यातल्या काडीकचऱ्यात ओल टिकते, आणि पावसाचं पाणी वरून येतंच. यावर उपाय महागडा नाही. पुढून-मागून जाळी ठोकायची. जगभर तेच करतात. आमच्याकडेही एका सदस्यांनी जाळीचा ठराव मांडला होता, पण पक्षीप्रेमी मंडळाने हरकत घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विमान हे शेवटी पक्ष्यांवरूनच सुचलेलं आहे.

उघड्यावरचं विमान सांभाळणं हे सगळीकडेच जिकिरीचं आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्यातही समुद्र शेजारी असेल तर विचारू नका. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेलं. आवारात विमानवाहू नौका ‘विक्रांत’वरून उडालेली सी हॉक आणि आलिझे आहेत, उभ्याउभ्या वर जाणारं सी हॅरियर आहे, आणि चार पंख्यांची, तीन शेपट्यांची, वळणदार पाठीची सुपर कॉन्स्टेलेशन आहे. ही बाई आधी एअर इंडियात होती, मग हवाई दलात, मग नौदलात. सरकारी खात्यांत इतक्या बदल्या सोसून अखेर गोव्यात निवृत्त. गोव्यात निवृत्त होणं हे मुंबई-पुण्याच्या निम्म्या लोकांचं स्वप्न असतं. पण तिथे फ्लॅट घेऊन राहायला गेलेल्या माणसाला दुसऱ्या पावसाळ्यात जे कळतं, ते तिला पहिल्याच पावसाळ्यात कळलं असणार. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने खारं वारं. तिथे खिडकीचे गज, कुलपं, फ्रीजची पाठ, स्कूटरचा सायलेन्सर, काही म्हणता काही टिकत नाही. नोकरीत असताना नौदलाची विमानं गोड्या पाण्याने वरचेवर धुतली जात, कारण मीठ बसू द्यायचं नाही हा तिथला पहिला धडा. चाकांवर उभ्या विमानाचं आणखी एक दुखणं असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी भार पडून टायर खालून चपटे होतात आणि उन्हाने तडकतात. म्हणून जाणकार संग्रहालयं खाली जॅक किंवा स्टँड देतात आणि टायरला नुसतं जमिनीला टेकल्यासारखं दाखवतात.

विशाखापट्टणमला तर टीयू-१४२ हे अजस्र विमान थेट समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर आणून ठेवलंय. २०१७ मध्ये ते निवृत्त झालं, त्याच वर्षी सुटं करून ट्रेलरवरून आणून पुन्हा जोडलं. समोर बंगालचा उपसागर. एकोणतीस वर्षं पाणबुड्यांवर नजर ठेवलेल्या विमानाला समोर समुद्र हवाच, ही त्यामागची भावना मला कळते. मिठाला ती कळत नाही एवढंच.

याउलट अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात हजारो लष्करी विमानं उघड्यावर उभी करून ठेवली आहेत. हवा कोरडी ठणठणीत, जमीन इतकी टणक की काँक्रीटही ओतावं लागत नाही. तिथे शत्रू पाऊस नसून ऊन आणि धूळ, म्हणून काचांवर आणि फटींवर पांढरा लेप फवारतात, की आत तापू नये आणि काही शिरू नये. वर्षानुवर्षं ती तशीच राहतात आणि गरज पडली तर त्यातली काही पुन्हा उडतातसुद्धा. आमच्या काकांना कोणी चारधाम यात्रेला चला म्हटलं तर ते येणार नाहीत. पण तिथे चला म्हटलं तर सकाळी आंघोळ करून तयार बसतील.

पण अमेरिकेतही सगळे काही काकांच्या शाळेत शिकलेले नाहीत. ‘मेम्फिस बेल’ हे बी-१७ बॉम्बफेकी विमान दुसऱ्या महायुद्धात पंचवीस मोहिमा करून सहीसलामत परतलं आणि देशभर गाजलं. युद्धानंतर ते भंगारात निघालं होतं. मेम्फिस शहराने १९४६ साली ३५० डॉलरला विकत घेतलं आणि पुढे उघड्यावर मांडून ठेवलं. मग शहरातल्या प्रेमळ नागरिकांनी आठवण म्हणून एकेक वस्तू घरी नेली. घड्याळं, बटणं, हाताला लागेल ते. जर्मनांच्या तोफांना जे साधलं नाही ते पर्यटकांनी पाना-पक्कड घेऊन साधलं. शेवटी अमेरिकेच्या हवाई दलाने ते परत ताब्यात घेतलं, कित्येक वर्षं खपून दुरुस्त केलं आणि २०१८ च्या मे महिन्यात डेटनच्या संग्रहालयात, छपराखाली, पुन्हा लोकांसमोर आणलं. ३५० डॉलरची खरेदी किती डॉलरला पडली ते विचारायची सोय नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या मिगच्या कॉकपिटमधला होकायंत्राचा घाट असलेला एक डबा सध्या गावातल्या एका पानटपरीवर सुट्या पैशांसाठी आहे, हे एकदा जागतिक चौकटीत बसलं की तितकंसं बोचत नाही.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मरुत आहे. शाळेच्या सहलीत बहुतेकांनी ते पाहिलंय, म्हणजे त्याच्यासमोर डबा खाल्लाय. हे भारतात आखून बनवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० आखणाऱ्या कुर्ट टांक यांना बंगळुरूला बोलावून ते आखून घेतलं. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. जेमतेम १४७ बनली. इंजिन हवं तेवढं ताकदवान कधी मिळालंच नाही, तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ते लढलं. मिग शेकड्यांनी होती, एखादं कुजलं तर दुसरं सापडेल. मरुतच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून अशा विमानावर छप्पर घालायचं की नाही हा माझ्या मते चर्चेचा विषयच असू नये. छप्पर हे जतनाचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. साधा पत्र्याचा मांडव, बाजूंनी मोकळा. ऊन थांबतं, पाऊस थांबतो, कॅनॉपीचं पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडून त्यात केसासारख्या चिरा जायचं थांबतं. पण मांडवाखाली विमान झेपावताना दिसत नाही ना! छपराखाली ठेवलेलं विमान नुसतं विमान दिसतं, आणि आपल्याला स्मारक हवं असतं.

ज्या ‘विक्रांत’वरून गोव्यातली ती सी हॉक उडाली, तिचंच काय झालं ते पाहा. १९९७ मध्ये निवृत्त, २००१ पासून मुंबईत तरंगतं संग्रहालय, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद, २०१४ मध्ये भंगारात. तिचं काही पोलाद पुण्याच्या बजाज ऑटोने घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून ‘व्ही’ नावाची मोटरसायकल बाजारात आणली. आता जतन झालेली ‘विक्रांत’ बघायची तर सिग्नलला उभं राहायचं. आणि खरं सांगू का, ही मोटरसायकलवाली ‘विक्रांत’च जास्त चांगली राहिली आहे. रविवारी फडक्याने पुसली जाते, पावसात तिच्यावर खोळ चढते, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं, कोणी तिच्यावर बदामात बाण काढून नावं कोरत नाही. निदान हप्ते चालू असेपर्यंत तरी.

एवढं सगळं कळूनही आमच्या नगरपरिषदेत विमान धुतलं का जात नाही? तर धुता येत नाही म्हणून. दरसूचीत ‘विमान धुणे’ ही बाबच नाही. काकांनी अर्ज दिला तेव्हा बांधकाम विभागाच्या साहेबांनी त्यांना प्रेमाने बसवून दरसूचीचं पुस्तक दाखवलं. नाली उपसणे आहे, झुडपे काढणे आहे, पुतळा धुणे व पुसणे आहे. ‘पुतळ्यात बसवता आलं असतं,’ साहेब म्हणाले, ‘पण त्यात चेहरा, हात व चबुतरा असं मोजमाप आहे. विमानाचा चेहरा किती चौरस मीटर धरायचा?’ मग फाइल उद्यान विभागाकडे गेली. त्यांनी लिहिलं, सदर वस्तू वनस्पती नाही. तिथून विद्युत विभागाकडे गेली, कारण विमानावर निळे दिवे सोडलेत. त्यांनी दिव्यांपुरती जबाबदारी मान्य केली. अखेर अग्निशमनवाल्यांनी एका सकाळी माणुसकीच्या नात्याने बंब आणला आणि पूर्ण दाबाने पाणी मारलं. काका खाली ‘अरे हळू, हळू, सांध्यात जातंय’ असं ओरडत धावत होते. लोकांना वाटलं, पायलटकाकांना जुने दिवस आठवले. टाळ्या वाजल्या. पाणी बोअरचं होतं, दुपारपर्यंत सगळ्या विमानावर क्षारांचे पांढरे ओघळ उमटले आणि ‘ऐन उन्हाळ्यात विमानावर बर्फ?’ अशा मथळ्याखाली एका स्थानिक साप्ताहिकाने फोटो छापला.

गेल्या पावसाळ्यात काकांचा धीर सुटला. मंडपवाल्याची शिडी आणि जाड तार घेऊन ते पहाटे चौकात गेले. मला शिडी धरायला नेलं. शेपटाच्या खालच्या बाजूला त्यांनी बोटाने चाचपत चाचपत एक जागा शोधली, चाकूने रंगाचे थर खरवडले. राखाडी, आकाशी, पुन्हा राखाडी, मग खालचा हिरवट. शेवटी वाटाण्याएवढं एक गोल भोक दिसलं. त्यात त्यांनी तार घालून फिरवली आणि पटकन बाजूला झाले.

जे पाणी सुरू झालं ते थांबेना. आधी चहाच्या रंगाचं, मग काळं. त्यातून पिसं आली, निंबोळ्या आल्या, गुटख्याच्या पुड्या आल्या. तोवर दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेले जमले. कोणीतरी व्हिडिओ काढून ‘विमानातून इंधन गळतंय’ असं सगळीकडे पाठवलं. दहा मिनिटांत दोघे जण कॅन घेऊन आले. काकांनी परोपरीने सांगितलं की हे पाणी आहे. त्यातला एक वास घेऊन म्हणाला, ‘जुनं आहे, पण चालेल.’

दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात नोटीस. ‘शासकीय मालमत्तेस विनापरवानगी छिद्र पाडल्याबाबत खुलासा.’ आम्ही दोघे नगरपरिषदेत गेलो.

‘मी पाडलेलं नाही हो, ते मूळचंच आहे,’ काका म्हणाले.

‘मूळचं म्हणजे कोणी पाडलं?’ कारकुनाने पेन उघडलं.

‘रशियाने.’

‘लेखी आहे?’

‘मॅन्युअलमध्ये आहे.’

‘मग त्याचं मराठी भाषांतर, साक्षांकित, दोन प्रतींत जोडा. निर्णय होईपर्यंत छिद्र जैसे थे ठेवायचं.’

‘जैसे थे म्हणजे उघडं की बंद?’

कारकुनाने जरा विचार केला आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाने पंख्याकडे पाहिलं. ‘तुम्ही हात लावण्याच्या आधी जसं होतं तसं,’ तो म्हणाला.

दुपारी बांधकाम विभागाचा माणूस एम-सीलचं पाकीट घेऊन चौकात आला. त्याच्याकडे शिडी नव्हती. काकांनी आपली दिली, वर धरूनही ठेवली. त्याने भोक छान बुजवलं, अंगठ्याने गुळगुळीत केलं. खाली उतरल्यावर काकांनी त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला आणि सहज विचारलं, ‘त्याच्या पुढे हातभर अंतरावर अजून एक आहे, ते दिसलं का तुला?’

‘नाही बा.’

‘बरं,’ काका म्हणाले, आणि त्याच्यासाठी अजून एक कटिंग सांगितली.